रस्त्यावरून घराकडे

कंपनी सरकारच्या अमदानीत मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध 1832 साली ज्या मुंबईत पारशी रयत दंग्याला प्रवृत्त झाली, त्याच शहरात आज एखादे जखमी पिल्लू दवाखान्यातून थेट कायमच्या धन्याकडे न जाता प्रथम कुणा सहृदय कुटुंबात तात्पुरत्या संगोपनासाठी राहते, ही व्यवस्था मोठी विचाराची आहे. जखम औषधाने भरते, भय मात्र सहवासानेच ओसरते. आरंभी पलंगाखाली दडणारे, कुकरच्या शिट्टीने दचकणारे, ताटलीतला दहीभात माणूस खोलीबाहेर गेल्यावरच चाटणारे ते जनावर हळूहळू गळ्यातला पट्टा सोसू लागते. याच मुदतीत जंतांचे औषध, सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून डिस्टेंपर व पार्व्हो यांवरील लस आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस उरकते, निर्बीजीकरण वयानुसार. दत्तक घेणाऱ्याची चौकशी कसून करावी, त्यात भीड कसली? घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय, सुटीत गावी जाताना कुत्र्याची तजवीज काय, हे विचारूनच करारनाम्यावर सही घ्यावी. आणि पाठवणी करताना ओळखीच्या वासाचे जुने अंथरूण न धुता द्यावे, तसेच लसीकरणाचे कार्डही पुढील मात्रेची तारीख नोंदवून सुपूर्द करावे.