ऊन आणि औषधांना न जुमानणारे जंतु

अंथरुणें उन्हांत टाकण्याची आपली चाल शास्त्राला धरून आहे. उन्हानें जंतु मरतात, हें डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनीं १८७७ सालींच दाखविलें. परंतु औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचें काय? २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकीं ५१ नमुन्यांत, आणि नळाच्या ५० पैकीं दोहोंतही, ‘एनडीएम-१’ हें प्रतिकाराचें जनुक सांपडलें. औषधाविरुद्धची ही ढाल उन्हापुढें फारशी चालत नाहीं. पण ऊन पोंचेल तर ना! गढूळ सांडपाण्यांत अतिनील किरण वरच्या थरांतच अडतात. शिवाय जंतु मेला तरी त्याचें जनुक कांहीं काळ शाबूत राहून दुसऱ्या जंतूच्या हातीं लागूं शकतें. म्हणून मैलापाणी नदींत सोडून सूर्यावर हवाला ठेवणें मला पटत नाहीं. तें आधीं निवळावें, मग उथळ तळ्यांत उन्हाखालीं ठेवावें. अशीं शेवटचीं तळीं मुद्दामच जेमतेम मीटरभर खोल राखतात.