फोटो तुम्ही काढला, पण तो कुणाचा? : इंटिरिअर फोटोग्राफीत करिअर करताना

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असलेला प्रश्न आज घेऊया. "लग्नाचे फोटो काढायचे नाहीत, पण कॅमेऱ्यावरच पोट भरायचंय. इंटिरिअर फोटोग्राफीत काही आहे का?" आहे. मी हेच काम करतो, म्हणून सांगतो, की आहे. पण हे काम कॅमेऱ्यापासून सुरू होत असलं तरी टिकतं ते कागदावर. म्हणून आज अर्धा वेळ फोटोबद्दल बोलू आणि अर्धा वेळ पैशाबद्दल.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघू. इंटिरिअर डिझायनर, आर्किटेक्ट, बिल्डरचा सँपल फ्लॅट, होमस्टे आणि हॉटेलवाले, फर्निचर, लाइट, टाइल्स बनवणाऱ्या कंपन्या. खोली एकच असली तरी प्रत्येकाला फोटो वेगळा लागतो. होमस्टेवाल्याला बेड, बाथरूम आणि खिडकीतून दिसणारं झाड स्वच्छ दिसायला हवं, कारण समोरचा माणूस ते बघून बुकिंग करतो. डिझायनरला हवी असते लाकडाच्या जोडाची सफाई, कपाटाचं हँडल, फॉल्स सीलिंगमधून पडणारा उजेड. त्यामुळे शूटच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे फोटो कुठे वापरणार?

आता कॅमेरा. "सर, कोणता घेऊ?" थांबा, आधी खिशातला फोन काढा. फोनची १एक्स लेन्स साधारण २४ ते २६ एमएमच्या आसपास दिसणारं दृश्य देते. इंटिरिअरमध्ये सर्वात जास्त वापरली जाणारी दृष्टी हीच आहे. ०.५एक्सचा मोह टाळा. त्यात कोपऱ्यातला सोफा ताणला जातो, दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते आणि प्रत्यक्ष घर बघणारा माणूस वैतागतो. फोन ट्रायपॉडवर लावा, ग्रिड चालू करा आणि उंची जमिनीपासून एक ते सव्वा मीटर ठेवा. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलं की ओट्याचा, टेबलाचा वरचा भागच जास्त दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उभ्या रेषा उभ्याच दिसल्या पाहिजेत. दाराची चौकट, कपाटाची कड, पडदा. फोन वर किंवा खाली वाकला की भिंती पडायला लागतात. महिनाभर स्वतःच्या घरात एवढंच करा. आई ओरडेल, तरी करा.

पुढे कॅमेरा घ्याल तेव्हाही तत्त्व हेच. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास, ट्रायपॉड, रॉ फाइल. खोली हलत नाही, त्यामुळे शटर एक सेकंद उघडं राहिलं तरी चालतं. फक्त पंखा बंद करायला विसरू नका. एलईडी लाइट असतील आणि फोटोत पट्टे दिसले, तर शटर हळू करून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, सेन्सरला कळतं.

खरी परीक्षा उजेडाची असते. खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्व्हिनचा, निळसर. छतातले वॉर्म लाइट २७०० ते ३००० केल्व्हिनचे, पिवळे. दोन्ही एकत्र आले की पांढरी भिंत एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला निळी दिसते. म्हणून एक फ्रेम लाइट बंद ठेवून घ्यायची, एक चालू ठेवून, गरज पडली तर एक फ्लॅश मारून, आणि मग कॉम्प्युटरवर जुळवायचं. ही युक्ती फार जुनी आहे. ज्युलियस शूलमन नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरावरच्या एका काचेच्या घराचा फोटो काढला, केस स्टडी हाउस नंबर २२. खाली शहराचे दिवे, वर काचेच्या खोलीत गप्पा मारणाऱ्या दोन मुली. शहराचे दिवे यावेत म्हणून आधी काही मिनिटांचं एक्स्पोजर, आणि मग त्याच फिल्मवर मुलींसाठी फ्लॅश. तेव्हा ना फोटोशॉप होतं, ना स्क्रीन. तो फोटो शोधून मोठा करून बघा.

आता आपल्याकडची एक खास अडचण. फ्लॅटचं काम संपणं आणि कुटुंब राहायला येणं, यामध्ये मिळतात दोन-चार दिवस. पेंटरचं टचअप चालू असतं, सुताराचं एक शटर बाकी असतं आणि वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते. पूजा झाली की सामान आलं, सामान आलं की फोटो गेला. म्हणून डिझायनरला शूटची नाही, वास्तुशांतीची तारीख विचारा आणि उलटं मोजा. आणि घर दुसऱ्याचं आहे हे विसरू नका. देवघराला हात लावण्याआधी घरातल्या काकूंना विचारा. दारावरची पाटी, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, टेबलावरची बँकेची कागदपत्रं, तिजोरीची जागा, यातलं काहीही फ्रेममध्ये नको. फोनने काढत असाल तर फाइलमधलं लोकेशन काढून टाका. घराची आणि कामाची बूज राखणाऱ्यालाच पुन्हा बोलावतात.

बरं, पैशाचं. किती मागायचे? शेजारचा किती घेतो हे विचारू नका, स्वतःचा हिशोब मांडा. समजा महिन्याला घरखर्च ४० हजार, कॅमेऱ्याचा हप्ता ८ हजार, सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क ३ हजार, प्रवास ४ हजार. झाले ५५ हजार. एका शूटला साइट बघणं, शूट आणि एडिटिंग धरून तीन दिवस जातात. महिन्याला पाच शूट म्हणजे १५ दिवस, उरलेले दिवस फोन, भेटी आणि "सर, पेमेंटचं काय झालं?" यात जातात. ५५ हजार भागिले पाच, ११ हजार. यापेक्षा कमी घेतलेत तर त्या शूटचे पैसे तुम्ही स्वतःच्या खिशातून भरताय. आकडे तुमचे वेगळे असतील, पण भागाकार करा.

आणि आता ज्याच्यासाठी हा भाग केला ते. फोटो कुणाचा? बहुतेकांना वाटतं, मी बटण दाबलं म्हणजे माझा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्याचं कलम १७ सांगतं, की कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो, जोपर्यंत तुमच्यात वेगळा करार झालेला नाही. पुन्हा ऐका. करार नसेल तर मालक गिऱ्हाईक. तुम्ही फोटोचे कर्ते राहता, आणि कलम ५७ मुळे "हा फोटो मी काढला" असं सांगण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. पण फोटो कुठे वापरायचा, कुणाला विकायचा, ते तो ठरवणार.

होतं काय, तर डिझायनर फोटो घेतो. तो लाइटवाल्या कंपनीला देतो, ती कॅटलॉगमध्ये छापते. मग लॅमिनेटवाला, मग कॉन्ट्रॅक्टर. पैसे एकाने दिले, वापर चौघांचा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा किचनचा फोटो असाच थेट रस्त्यावरच्या होर्डिंगवर चढला. ती भांडायला निघाली, तेव्हा कळलं की कागदच नाही. म्हणजे तक्रार करायलाही पाय ठेवायला जागा नाही.

उपाय एक पानाचा आहे. काम सुरू होण्याआधी लिहा: कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. डिझायनरला वेबसाइट, सोशल मीडिया, पोर्टफोलिओ आणि स्पर्धांसाठी वापराची परवानगी. तिसऱ्या कंपनीला फोटो हवा असेल तर तिने माझ्याकडून वेगळी परवानगी घ्यावी. फोटोबरोबर नाव द्यावं. खाली दोघांच्या सह्या. बोलायला अवघड वाटतं ना? मग असं म्हणा, "मॅडम, लाइटवाले आणि फर्निचरवाले खर्चात आधीच सहभागी झाले तर तुमचा वाटा कमी होईल." तो करार त्यांच्याही फायद्याचा आहे, हे त्यांना दिसू द्या.

"आज ना उद्या घर बदलणारच, जुन्या फोटोला कोण विचारतं?" असं वाटत असेल तर दिल्लीचं उदाहरण बघा. मदन महत्ता यांनी स्वातंत्र्यानंतर उभ्या राहत असलेल्या दिल्लीच्या आधुनिक इमारतींचे वर्षानुवर्षं फोटो काढले. प्रगती मैदानावरचा राज रेवाल यांचा हॉल ऑफ नेशन्स १९७२ चा, तो २०१७ मध्ये पाडला. आता तो बघायचा तर फोटोतच. इंटिरिअर तर इमारतीपेक्षाही लवकर मोडतं. दहा वर्षांनी तुमची फाइल हाच पुरावा असेल. म्हणून ती तुमच्याकडे असावी, दोन डिस्कवर.

शेवटचं, अडकलेले पैसे. 'उद्यम' पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. आधार आणि पॅन लागतं, फी लागत नाही, त्यामुळे एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी मुदत ठरलेली असेल तरी गिऱ्हाईकाने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत, ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं, तेही बँक दराच्या तिप्पट. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, भांडण झाल्यावरची नव्हे. बिलाच्या तळाशी उद्यम नंबर छापा. ती एक ओळ बघूनही काही पेमेंट लवकर येतात, असा माझा अनुभव आहे. आणि अर्धे पैसे शूटच्या आधी घ्या. फुल रिझोल्यूशनच्या फाइल बाकीचे पैसे आल्यावरच द्या.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घरातली एक खोली, दिवसातल्या तीन वेगवेगळ्या वेळा, तीन फोटो, उभ्या रेषा सरळ. आणि कराराचं ते एक पान, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहून काढा. दोन्ही झालं की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पंखा बंद, ट्रायपॉड घट्ट!