उद्याची गाडी, आजचे काम



पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील अनेक कुटुंबे ऊसतोडणीला निघतात. परततात ती काही महिन्यांनी. निघण्यापूर्वी मुलांच्या शाळेची, वृद्धांच्या औषधांची, दाण्यागोट्याची व्यवस्था लावावीच लागते. गाडी हलल्यावर राहिलेले काम राहूनच जाते. त्यात एखाद्या मुलाचे शालेय वर्षही बुडते.

मध्यमवर्गीयाच्या दाराशी अशी गाडी उभी नसते, म्हणून त्याचा आळस निर्धास्त असतो. समर्थ रामदासांनी दासबोधात पहाटेपासूनची दिनचर्या सांगितली, ती उगीच नव्हे. शाखेची वेळ ठरलेली असते, तशी वीजबिलाची, पत्रोत्तराची, आजाऱ्याच्या भेटीचीही वेळ कार्यकर्त्याने ठरवावी. लहानसे काम हाती येताच उरकावे. वेळ पाळणाऱ्या माणसावरच समाज विसंबतो.