शेणखत आणि मुरघास
(हीरक महोत्सवानिमित्त एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



मदन महल परिसरातील आपल्या या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली आणि पुढे सारे आयुष्य गुरांच्या चाऱ्याचा अभ्यास करण्यात घालवले. मंगल प्रसंगी शेणाविषयी बोलणे कोणास औचित्यभंग वाटेल. परंतु ज्या जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आणि १९६४ पासून कृषी विद्यापीठ आहे, जेथील पशुचिकित्सा विद्यापीठास हिंगोली जिल्ह्यातील कडोळीच्या नानाजी देशमुखांचे नाव आहे, तेथे हा विषय परका नाही.

मुरघास म्हणजे गुरांसाठी मुरवून ठेवलेला हिरवा चारा. मका किंवा ओट योग्य वेळी, म्हणजे त्यात ३० ते ३५ टक्के शुष्क पदार्थ असताना कापावा, कुट्टी करून खड्ड्यात घट्ट दाबावा आणि हवा शिरू देऊ नये. दह्याच्या विरजणात असतात त्याच कुळातील जीवाणू पिकातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू ४ च्या आसपास उतरला की चारा महिनोन्‌महिने टिकतो.

यात शेणखताचा संबंध कोठे येतो, हे मी एका चुकीतून शिकलो. तरुणपणी एका गोठेमालकास मी सल्ला दिला, की कापणीपूर्वी पंधरवडाभर आधी उभ्या ओटवर पातळ शेणकाला शिंपडावा. पीक गडद हिरवे झाले. आम्ही दोघेही हरखलो. मे महिन्यात खड्डा उघडला, तेव्हा आंबूस सुवासाऐवजी खवट लोण्याची दुर्गंधी आली. गाईंनी तोंड फिरवले. ऐन उन्हाळ्यात विकतचा भुसा परवडेना, म्हणून त्या कुटुंबाने दोन दुभत्या गाई विकल्या. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत.

कारणे दोन होती. शेणात क्लॉस्ट्रिडियम जीवाणूंचे बीजाणू असतात. ते पानांना चिकटून खड्ड्यात जातात, हवेवाचून वाढतात आणि चारा ओलसर असला व आम्ल सावकाश तयार झाले तर लॅक्टिक आम्लाचे ब्युटिरिक आम्ल व प्रथिनांचा अमोनिया करतात. दुसरे कारण नत्राचे. उशिरा मिळालेल्या जादा नत्राने पिकातील साखर घटते, प्रथिने व नायट्रेट वाढतात आणि सामू उतरण्यास अडथळा होतो. मात्र नत्राची उपासमारही हितावह नाही. थोडे नायट्रेट त्या उपद्रवी जीवाणूंना आवरते. दोष शेणाचा नव्हता. वेळ आणि जागा निवडण्यात मी चुकलो होतो.

म्हणून पुढे मी सांगत आलो : चांगले कुजलेले शेणखत पेरणीपूर्वी मातीत मिसळावे. कुजवल्याने सगळे बीजाणू मरत नाहीत, म्हणून ते मातीआड असणे महत्त्वाचे. शेणकाला द्यायचाच तर पीक लहान असताना, ओळींमधल्या मातीत द्यावा. कापणीपर्यंत दीड-दोन महिने जाऊ द्यावेत. खतातून मिळणारे नत्र युरियाच्या मात्रेतून वजा करावे. मका जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर कापावा आणि चिखलाने माखलेली चाके खड्ड्यावर नेऊ नयेत. बिघडलेल्या मुरघासातील बीजाणू गाईच्या पोटातून पुन्हा शेणात व गोठ्यातून दुधातही उतरतात; ते चक्र शेतातच तोडावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या परियट नदीकाठच्या डेअऱ्यांचे शेण पाण्यात जाते, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. जवळच्या शेतांना सेंद्रिय खत हवे असते आणि तेच द्रव्य नदीत घाण होऊन वाहते. हे शेण योग्य वेळी, योग्य जागी शेतापर्यंत कसे पोहोचेल, हा प्रश्न माझ्या पिढीला पुरता सोडवता आला नाही. तो मी आज या शाळेच्या स्वाधीन करतो. तुमच्यापैकी एखाद्याने जरी तो हाती घेतला, तरी त्या दोन गाईंचे ऋण थोडे फिटल्यासारखे मला वाटेल.