दुष्काळात उभी राहिलेली बाग



दर्शनाला आपण मोतीडुंगरीच्या गणपतीकडे जातो. तसेच शहराकडे पुढे गेले की रामनिवास बाग. मुलांना तिथला मसाला चौक पाठ आहे. बाग कशी झाली ते मात्र सांगावे लागते.

1868 साली राजपुतान्यात पाऊस झाला नाही. महाराजा सवाई रामसिंग दुसरे यांनी दुष्काळी काम म्हणून तटबंदीबाहेर ही बाग काढली. आखणी डॉ. डी फॅबेक यांची. भुकेल्या माणसांनी माती उचलली, त्यांच्या हातांना मजुरी मिळाली.

हे मी एकदा माझ्या आईला तिथल्याच बाकावर सांगत होतो. आम्ही माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात आईने रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, आम्ही पोरे तिथली सुकडी खाऊन वाढलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बायाबी व्हत्या का रं कामावर?" मला उत्तर देता आले नाही. मग ती उठली आणि चपला काढून हिरवळीवर चालू लागली. त्या दिवसापासून तिने बागेत कधी चपला घातल्या नाहीत. माळ्याशी मराठीतच बोलायची, आणि त्याला ते कळायचे!

पुढे 6 फेब्रुवारी 1876 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते अल्बर्ट हॉलची पायाभरणी झाली. त्या स्वागतासाठी शहर गुलाबी रंगवले, हे आपण पाहुण्यांना हौसेने सांगतोच. स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखालील ही इमारत 1887 मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. प्राणिसंग्रहालय आले, रवींद्र मंच आला, अलीकडे जमिनीखाली पार्किंगही झाले. प्रत्येक गोष्ट सोयीची, पण प्रत्येकीने बागेचाच तुकडा घेतला. 2016 मध्ये वाघ-सिंह नाहरगडला गेले, तेव्हा मला वाटले होते की ती जागा झाडांना मिळेल. ऑगस्ट 2020 च्या पावसात संग्रहालयात पाणी शिरले आणि कर्मचाऱ्यांनी काच फोडून इजिप्तची ममी वाचवली, ती बातमी सर्वांनी वाचली. बागेच्या मातीबद्दल कोणी बोलले नाही.

आता आई नाही. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी अल्बर्ट हॉलसमोर थांबणार आहे. नातवंडांना घेऊन या. त्यांना झाडे दाखवू, आणि वाटले तर चपला काढून चालू.