मार्जिन कमी करताना



आपली परिषद या वर्षी नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात भरते आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगरांपासून जामखेडच्या माळापर्यंत पसरलेला, क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. विषय आहे लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला कर्करोग आणि प्रतिमा पाहून दिलेला किरणोपचार. पेशंटच्या बोलीत सांगायचं तर गाठ आणि शेक.

जामखेडच्या शेजारी धाराशिव जिल्हा लागतो. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांच्या सहभागानं १९९९ पासून तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हे ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलं आणि जगानं वाचलं. आपल्या ओपीडीत मात्र बाई अजूनही येते ती महिनोन् महिने अंगावरून जात असताना, आणि सीटीवर श्रोणीतल्या ग्रंथी फुगलेल्या दिसतात.

२०१८ पर्यंत फिगोच्या वर्गीकरणात या रोगाची पायरी मुख्यतः हातानं तपासून ठरायची. ग्रंथींना त्यात जागाच नव्हती, कारण हा रोग जिथे जास्त तिथे सीटीची यंत्रं कमी. मग स्टेज ३सी आली. श्रोणीतली ग्रंथी असेल तर ३सी१, महाधमनीलगतची असेल तर ३सी२. तेव्हापासून ग्रंथी कागदोपत्री दिसू लागली, आणि एकदा दिसली की तिच्याकडे नेम धरणं आलंच.

आता नेम धरायचा कसा? २५ बैठकांत सगळ्या श्रोणीला ४५ ग्रे, त्याच बैठकांत फुगलेल्या ग्रंथींना ५५ ते ५७.५ ग्रे, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन, आणि शेवटी ब्रॅकीथेरपी. प्लॅन संगणकावर सुरेख दिसतो. पण ग्रंथी असते रक्तवाहिन्यांना आणि श्रोणीच्या भिंतीला बिलगून. हाडावर जुळवणी केली की ती जवळपास जागेवर सापडते. गर्भाशयाचं तसं नाही. मूत्राशय भरलं की ते मागे-वर ढकललं जातं, रिकामं झालं की पुढे झुकतं. एकाच टेबलावर दोन लक्ष्यं आणि त्यांची चाल वेगवेगळी! टेबल दोन-चार मिलिमीटर सरकवून दोन्ही साधत नाहीत. अशा वेळी कोनबीम सीटी पाहून टेक्नॉलॉजिस्टनं म्हणायचं असतं, “मावशी, उठा. पाणी पिऊन अर्ध्या तासानं परत या.” बाहेर रांग खोळंबलेली असताना हे म्हणायला धैर्य लागतं, आणि विभागप्रमुख पाठीशी उभा असावा लागतो.

या खटाटोपाचं फळ आपल्याच राज्यात मोजलं गेलं आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी पार्सर चाचणीत शस्त्रक्रियेनंतर शेक लागलेल्या ३०० स्त्रिया घेतल्या. तीन वर्षांनी आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या त्रिमितीय पद्धतीत ४२.४ टक्के होता, प्रतिमा-मार्गदर्शित आयएमआरटीत २१.१ टक्के. रोग परतण्यात फरक पडला नाही. हा अभ्यास पिशवी काढलेल्या स्त्रियांवरचा आहे. पिशवी जागेवर असलेल्या ३सी पेशंटला तो जसाच्या तसा लावू नये, एवढं पथ्य पाळू.

काही ज्येष्ठ विचारतात, आयुष्य वाढत नसेल तर एवढा खर्च कशाला? कांद्याच्या वाफ्यात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला, जवळ आडोसासुद्धा नसताना, वरचेवर परसाकडे धावावं लागणं म्हणजे काय, हे त्यांनी पारनेरच्या एखाद्या शेतावर जाऊन विचारावं.

मात्र आतडं वाचतं ते मार्जिन कमी केल्यामुळे, आणि मार्जिन कमी करण्याचा हक्क रोज पाहिल्यानंच मिळतो. माहितीपत्रकावर ‘आयजीआरटी’ छापलेलं, पण प्रतिमा आठवड्यातून एकदा आणि तीही घाईत, असा कारभार असेल तर अरुंद मार्जिनपेक्षा जुनं रुंद फील्ड बरं. हे ऐकायला मागासलेलं वाटेल. पण रुंद फील्डमध्ये ग्रंथी निदान सुटत तरी नव्हती. मानेच्या गाठींचंही तेच. तंबाखू-मिश्रीच्या पेशंटचं वजन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उतरतं, गाठ आक्रसते, मास्क सैल होतो. ते स्क्रीनवर दिसूनही नवा प्लॅन करायचा नसेल तर प्रतिमा काढलीच कशाला?

आणखी एक मार्जिन आहे, दिवसांचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ब्रॅकीथेरपी धरून सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला हवेत. लांबले की रोगावरची पकड ढिली होते. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. त्या बाईला आपण पाच आठवडे रोज या म्हणतो. जन आरोग्य योजनेतून शेक होईल, एसटीला अर्धं तिकीट लागेल, पण उचल कोण फेडणार? ती येईनाशी होते आणि आपण केसपेपरवर ‘डिफॉल्ट’ लिहून मोकळे होतो. हा शब्द मला फार उर्मट वाटतो.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. आपण निदान एवढं करू : शेक सुरू होण्याआधी पेशंटच्या गावच्या आशाताईंचा फोन नंबर उपचार-कार्डावर घ्यायचा. पेशंट एक दिवस आली नाही तर त्याच संध्याकाळी फोन, आणि बुडालेली बैठक शनिवारी भरून काढायची, किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोन. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही, वहीत एक रकाना आखला तरी पुरे.

उद्या सकाळी कोनबीम सीटी पाहून उपचार थांबवावे लागलेल्या केसेस टेक्नॉलॉजिस्ट मांडणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना जेवणाआधीची पंधरा मिनिटं दिलेली दिसतात. संयोजकांनी हे सत्र सकाळी पहिलं घ्यावं आणि पूर्ण तासाचं करावं, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे.