बिनतारी इअरबड : निवड आणि नांदणूक

निसर्गानें डोळ्यांना पापण्या दिल्या. कानांना मात्र दिल्या नाहींत. न पाहण्याचा अधिकार मनुष्याला जन्मतःच मिळाला, पण न ऐकण्याचा अधिकार त्याला अलीकडे बाजारांतून विकत घ्यावा लागतो. सुपारीएवढे दोन तुकडे कानांत बसविले, कीं रस्त्यावरचे भोंगे आणि शेजारच्या घरांतला टेलिव्हिजन हीं दोन्ही दूर जातात, आणि आवडीचें गाणें किंवा व्याख्यान जणूं डोक्याच्या मधोमध उमटूं लागतें. या तुकड्यांना सर्वत्र इअरबड असेंच म्हणतात. मराठी प्रतिशब्द रूढ होण्याची वाट न पाहतां ते घरोघर येऊन स्थायिकहि झाले आहेत. घरांत आलेल्या पाहुण्याची चौकशी करावी, तशी या नव्या सोबत्याचीहि करणें आवश्यक आहे.

पुण्यांतील एखादें मध्यम स्थितींतलें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. सत्तरी ओलांडलेले आजोबा सकाळीं बातम्या व अभंग ऐकतात. सूनबाई कचेरीला जातां-येतां बसमध्यें एखादी कादंबरी ऐकतात. कॉलेजांतला नातू व्यायामशाळेंत, रस्त्यांत आणि अभ्यासाच्या टेबलाशीं, म्हणजे जवळजवळ दिवसभर, गाणीं ऐकतो. तिघांच्या गरजा तीन प्रकारच्या. तरीहि दिवाळीच्या सवलतींत तिघांसाठीं एकाच जातीच्या तीन जोड्या घेतल्या जातात. महिन्याभरांत आजोबांची जोडी टेबलाच्या खणांत जाऊन पडते, सूनबाईंचा एक बड बसमध्यें हरवतो, आणि नातवाचे बड अहोरात्र कानांत राहतात. हे तिन्हीं प्रकार थोड्याशा विचारानें टळण्यासारखे आहेत.

एकट्यानें ऐकण्याची ही रीत वाटते तितकी नवी नाहीं. १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील यूटा येथें नॅथॅनिअल बाल्डविन या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत हेडफोन तयार केले व ते तेथील आरमाराला पुरविले. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या स्फटिकाच्या साध्या यंत्रांत कर्णा वाजविण्याइतकी शक्ति नसे. तें ऐकणाऱ्याला हेडफोन लावूनच बसावें लागे. पुढें व्हॉल्व्हचे रेडिओ आले, आवाज दिवाणखान्यांत मोकळा झाला, आणि सारें घर एकत्र बसून ऐकूं लागलें. १ जुलै १९७९ रोजीं जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला व ऐकणें पुन्हां एकट्याचें झालें. २०१६ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या नव्या फोनमधून हेडफोनचें भोंक काढून टाकलें आणि वर्षअखेरीस एअरपॉड बाजारांत आणले. बिनतारी जोड्यांचा प्रसार झपाट्यानें झाला तो तेथून पुढें.

तार गेली, पण तिच्या जागीं जें आलें ती जुन्या ओळखीची रेडिओलहरच आहे. ब्लूटूथ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत १९९४ सालीं या पद्धतीवर काम सुरू झालें, आणि डेन्मार्कच्या दहाव्या शतकांतील हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचें नांव तिला मिळालें. विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणणारा अशी या राजाची ख्याति. निरनिराळ्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या लहरीला तें नांव शोभलें. ही लहर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत चालते. घरांतलें वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी हीं दोन्ही त्याच पट्ट्यांतलीं. एवढ्या गर्दींतून वाट काढण्यासाठीं मूळच्या ब्लूटूथची लहर ७९ मार्गिकांवर सेकंदाला १६०० वेळां जागा बदलते. तरीहि मधूनमधून आवाज तुटतो. मनुष्याच्या शरीरांत पाणी पुष्कळ, आणि तें ही लहर शोषून घेतें. फोन मागच्या खिशांत असेल, तर तो पुढच्या खिशांत घेतल्यानेंहि पुष्कळदां आवाज सुधारतो. लगेच दुकानदाराशीं भांडण्याचें कारण नसतें.

या पद्धतींत आणखी एक मर्यादा आहे. ध्वनीचें आंकड्यांत रूपांतर करणें, तो पाठविणें आणि कानांत पुन्हां उलगडणें यांत सेकंदाचा लहानसा अंश खर्च होतो. गाणें ऐकतांना तो जाणवत नाहीं. चित्रपट पाहतांना फोन चित्रालाहि तितकेंच थांबवून ठेवतो. परंतु फोनवरील तानपुरा किंवा तबला इअरबडमधून ऐकत हार्मोनिअमवर रियाज करूं पाहणाऱ्याला हा उशीर सुखानें साथ करूं देत नाहीं. अशा कामाला जुना तारेचा हेडफोनच बरा.

आतां निवडीकडे वळावें. बाजारांत हजार-बाराशे रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत इअरबड मिळतात. परंतु पहिला प्रश्न किंमतीचा नसून कानाच्या आकाराचा असावा. कांहीं बड रबरी टोपी लावून कानाच्या नळींत घट्ट बसतात. कांहीं नळीच्या तोंडाशीं नुसते टेकतात. पहिल्या प्रकारांत बाहेरचा गोंगाट कमी होतो व खर्जाचे सूर नीट ऐकूं येतात. दुसऱ्या प्रकारांत कान मोकळा राहतो, आणि घरांतली हांक ऐकूं येते. टोप्या साधारणपणें तीन मापांच्या मिळतात, आणि एकाच माणसाच्या उजव्या व डाव्या कानाला निराळें माप लागणें यांत नवल नाहीं. पुष्कळजण डब्यांतल्या इतर टोप्यांकडे पाहतसुद्धां नाहींत, आणि ‘आवाजांत दम नाहीं’ अशी तक्रार करतात. परीक्षा सोपी आहे. ओळखीची एखादी मैफल लावावी आणि तबल्याच्या डग्ग्याकडे लक्ष द्यावें. डग्ग्याची घुमारी पोकळ वाटली आणि बड बोटानें किंचित् आंत दाबतांच ती भरली, तर टोपी लहान आहे असें समजावें. नंतर मान हलवावी, चार वाक्यें बोलावीं, एखादी सुपारी चघळावी. एवढ्यानें जो बड निसटतो, तो बसच्या गर्दींत नक्की पडतो.

दुसरा प्रश्न गोंगाट कमी करणाऱ्या योजनेचा. बडमधला सूक्ष्म ध्वनिग्राहक बाहेरचा आवाज टिपतो, आणि यंत्र त्याच्या नेमकी उलट लहर निर्माण करतें. दोन्ही लहरी भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. जर्मनीच्या पाउल ल्यूग याला या कल्पनेचें अमेरिकन पेटंट १९३६ सालींच मिळालें होतें. तिला हेडफोनमध्यें व्यवहार्य रूप देण्याचा ध्यास अमर बोस यांनीं १९७८ सालीं झुरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानांत घेतला. बोस यांचे वडील बंगालमधून स्वातंत्र्याच्या चळवळीच्या काळांत अमेरिकेस गेलेले. विमानाच्या एकसुरी घरघरीनें त्यांना संगीत ऐकूं येईना, त्यांतून हा उद्योग उभा राहिला. ही योजना आजहि अशा एकसुरी आवाजावरच उत्तम चालते. बसचें इंजिन, पंखा, आगगाडीचा खडखडाट यांना ती शांत करते. पडलेलें भांडें किंवा रडणारें मूल यांना तितकें नाहीं. सूनबाईंना तिचा मोठा उपयोग, कारण बसचा आवाज खालीं आला कीं कादंबरीचा आवाज वर न्यावा लागत नाहीं. घरच्या आरामखुर्चींत बसणाऱ्या आजोबांनीं त्यासाठीं जादा पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

तिसरा प्रश्न घामाचा व पावसाचा. डब्यावर आयपीएक्स ४ असें लिहिलेलें असेल, तर बडला पाण्याचे शिंतोडे सोसतात. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यांत अर्धा तास. हें वचन पुष्कळदां केवळ बडचें असतें, डबीचें नसतें. म्हणून ओले बड पुसल्याशिवाय डबींत ठेवूं नयेत. व्यायामशाळेंत जाणाऱ्या नातवानें ही खूण पाहूनच जोडी घ्यावी. चौथा प्रश्न बॅटरीचा. एका दमांत पांच-सहा तास चालणारी जोडी बहुतेकांस पुरते. डब्यावर छापलेला तीस-चाळीस तासांचा आंकडा डबींतल्या सांठ्यासह असतो, हें ध्यानांत ठेवावें.

निवड झाली म्हणजे नांदणूक सुरू होते, आणि खरी काळजी तेथेंच आहे. कानाच्या आंतील शंखाकृति भागांत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनि मेंदूपर्यंत पोंचतो तो त्यांच्याच द्वारें. मोठ्या आवाजानें त्या मरतात आणि मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. दांत पडला तर कवळी बसते, डोळा मंदावला तर चष्मा लागतो. या पेशींची भरपाई तशी होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिलेली मर्यादा अशी : प्रौढांसाठीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, मुलांसाठीं ७५ डेसिबलचा तितकाच वेळ. आवाज तीन डेसिबलनीं वाढला कीं वेळ निम्मा करावयाचा. ८३ डेसिबलला २० तास, ९० ला सुमारें चार तास, आणि १०० डेसिबलला आठवड्यांत अवघीं वीस मिनिटें. ज्या नातवानें गोंगाटाच्या व्यायामशाळेंत आवाजाचा कांटा टोंकाला नेऊन ठेवला आहे, त्याची आठवड्याची शिधा सोमवारींच संपण्याचा संभव आहे. आणि कानाचें कर्ज दुखून कळत नाहीं. तें तिशी-चाळिशींत, चारचौघांच्या बैठकींत शब्द निसटूं लागले म्हणजे कळतें. व्यायाम संपल्यावर कानांत शीळ वाजत राहिली, तर तो इशारा समजावा. बहुतेक नव्या फोनमध्यें आवाजाला वरची मर्यादा घालून ठेवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशीं वडिलधाऱ्यांनीं मुलांसमवेत बसून घालावी.

आजोबांची गोष्ट निराळी. त्यांनीं आवाज वाढवीत वाढवीत नेला, तरी बातम्यांतले शब्द पुसटच राहिले, आणि ‘यंत्रच वाईट’ म्हणून त्यांनीं तें खणांत टाकलें. दोष बहुधा यंत्राचा नसतो. वयाबरोबर उंच सुरांची श्रवणशक्ति आधीं जाते, आणि मराठींतले स, श, त, थ यांसारखे वर्ण त्याच सुरांवर उभे असतात. अशा वेळीं दुसरी महाग जोडी घेण्यापूर्वीं कानाच्या डॉक्टरकडे श्रवणाची तपासणी करून घ्यावी. अमेरिकेंत २०२४ सालीं कांहीं इअरबडना सौम्य व मध्यम बहिरेपणासाठीं श्रवणयंत्राप्रमाणें वापरण्याची सरकारी मान्यता मिळाली, हें खरें. परंतु तपासणीची जागा तीहि घेत नाहीं.

स्वच्छतेविषयीं थोडें. कानांतला मळ आपोआप हळूहळू बाहेर सरकत असतो. दिवसभर बोळा घातल्यासारखे बड राहिले तर त्याची वाट अडते व आंत दमटपणा सांचतो. तासाभरानें कान मोकळे करावे. रबरी टोप्या काढून कोमट साबणपाण्यानें धुवाव्या आणि पूर्ण वाळल्यावर लावाव्या; जाळी कोरड्या मऊ ब्रशनें झाडावी; टांचणी कधींहि घालूं नये. कान वाहत असेल तर बरा होईपर्यंत बड घालूं नयेत. एकाचे बड दुसऱ्यानें वापरूं नयेत, मग तीं दोघें सख्खीं भावंडें असोत. बडमधील बॅटरी चण्याच्या डाळीएवढी. ती दोन-तीन वर्षांत थकूं लागते आणि बहुतेक जोड्यांत बदलतां येत नाहीं. डबी उन्हांत किंवा तापलेल्या मोटारींत ठेवल्यास ती अधिक लवकर थकते. निकामी जोडी ओल्या कचऱ्यांत न टाकतां इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रांत द्यावी.

रस्त्याचा नियम मात्र वादातीत समजावा. रस्ता अथवा रुळ ओलांडतांना, सायकलवर वा स्कूटरवर असतांना दोन्ही कान मोकळे असावे. मागून येणारी मोटार पापणीला दिसत नाहीं. ती कानालाच कळते.

राहतां राहिली घराची गोष्ट. सोनी कंपनीचे अकिओ मोरिटा यांनीं वॉकमनचा नमुना घरीं नेला, तेव्हां आपण वगळल्या गेलों असें त्यांच्या पत्नीस वाटलें व ती नाराज झाली. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनांसाठीं दोन भोंकें ठेवण्यांत आलीं, आणि एक बटणहि. तें दाबलें कीं गाणें हलकें होऊन दोघांना एकमेकांचें बोलणें ऐकूं येई. पुढच्या यंत्रांतून तें बटण गेलें. हल्लींच्या इअरबडमध्यें बाहेरचा आवाज आंत घेण्याची सोय त्याच गरजेंतून परत आली आहे. आणि एका यंत्रावरून अनेकांच्या कानीं एकच कार्यक्रम पोंचविणारी ऑराकास्ट ही पद्धत २०२२ सालीं जाहीर झाली आहे. यंत्र बनविणाऱ्यांना जें उमगलें, तें घरानें विसरूं नये.

संध्याकाळीं पानें मांडलीं जातात आणि सूनबाई हांक मारतात, ‘मामंजी, जेवायला चला.’ ती हांक आजोबांना ऐकूं येत नाहीं आणि नातवाला ऐकावयाची नसते. पानें निवून जातात. जेवणाच्या वेळीं तिन्हीं डब्या फडताळांत एका रांगेंत ठेवाव्या, एवढा एक नियम ज्या घरांत पाळला जातो, तेथें इअरबड सुखानें नांदतात. त्यांची बॅटरी भरण्यालाहि तेवढाच अवकाश मिळतो.